कशावर दळलंय?

माझे आजोळ बार्शीच्या बाजूला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे माळवदावर वर्षाचा गहू ऊन दाखवायला पसरलेला असे आणि पाखरे हाकलण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. खरे तर पाखरांपेक्षा आम्हीच जास्त गहू खात होतो. मूठभर दाणे तोंडात टाकायचे, सावकाश चावायचे, सुटणारे गोडसर पीठ गिळत राहायचे, आणि दहा-पंधरा मिनिटांनी तोंडात फिकट, चिवट, रबरासारखा गोळा उरला की तो एकमेकांना ताणून दाखवायचा. च्युइंगमला पैसे मागण्याची सोय नव्हती, तेव्हा हा आमचा फुकटचा च्युइंगम. त्या गोळ्याला काही नाव असेल असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नाही. त्याचे नाव ग्लुटेन, आणि ते माझ्या आतड्याला सोसत नाही, हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळले.

त्याआधीची सहा-सात वर्षे मी ‘रक्त कमी असलेली बाई’ म्हणून काढली. हिमोग्लोबिन आठच्या आसपास रेंगाळत असे. गोळ्या घेतल्या की थोडे वर सरके आणि गोळ्या थांबवल्या की पुन्हा खाली येई. बँकेच्या जिन्याचा एक मजला चढला की छातीत धडधड होई, तोंड वारंवार येई, आणि जेवणानंतर पोट असे तट्ट फुगे की साडीची निरी सैल करावी लागे. मात्र सतत जुलाब, हाडांचा सापळा झालेले शरीर, असे पुस्तकात लिहिलेले काही माझ्या बाबतीत नव्हते, आणि बायकांचे रक्त कमी असणे ही आपल्याकडे इतकी सर्वमान्य गोष्ट आहे की त्याचे कारण शोधायचे असते हेच कोणाला सुचत नाही. मला खजूर, बीट आणि अळिवाचे लाडू खायला सांगण्यात आले. लोखंडी कढई आणून झाली. अन्नातले लोह ज्या ठिकाणी शोषले जाते तो लहान आतड्याचा अगदी सुरुवातीचा भाग असतो, आणि मला असलेल्या सीलिॲक या आजारात सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त नुकसान नेमके त्याच भागाचे होते. त्यामुळे कढई लोखंडाची असो की सोन्याची, माझ्या अंगी काही लागणार नव्हते.

शेवटी ज्या डॉक्टरांना पहिल्यांदा शंका आली, त्यांनी शंका बरोबर घेतली आणि पुढचे पाऊल चुकीचे टाकले. “महिनाभर गहू बंद करून बघा, बरे वाटले तर तोच आजार,” असे ते म्हणाले. मी दोन महिने पोळी बंद केली, मला खरोखरच बरे वाटले, आणि मग रक्ताची तपासणी केली तर ती निर्दोष आली. ही तपासणी रक्तातील एका प्रतिपिंडाची असते, तिला थोडक्यात टीटीजी म्हणतात, आणि गहू पोटात जात असतानाच ती करायची असते, कारण गहू थांबला की प्रतिपिंडे उतरू लागतात आणि आतडेही भरून येऊ लागते. दुसऱ्या डॉक्टरांनी हे समजावून सांगितले तेव्हा मला अक्षरशः रडू आले, कारण त्यांचा पुढचा सल्ला होता की सहा आठवडे पुन्हा रोज पोळ्या खा आणि मग या. आपल्याला काय होते आहे हे पुरते ठाऊक असताना, रोज सकाळ-संध्याकाळ ताटात दोन पोळ्या घेऊन बसण्याइतके विचित्र जेवण मी आयुष्यात केलेले नाही. सहा आठवड्यांनी टीटीजी मर्यादेच्या दहा पटींहून अधिक निघाली. दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे काढून तपासले, तेव्हा आतल्या पृष्ठभागावर मखमलीसारखी जी लव असते, ती जवळजवळ सपाट झालेली आढळली. हे वाचणाऱ्या कोणालाही स्वतःबद्दल किंवा घरातल्या मुलाबद्दल शंका असेल, तर माझी एकच विनंती आहे की तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. नंतर सोडण्यासाठी सगळे आयुष्य पडलेले असते.

आजार काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण ‘गव्हाची ॲलर्जी’ हा शब्द मी आता समोरच्याची सोय म्हणून वापरत असले तरी तो बरोबर नाही. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, इंग्रजीतले rye) या धान्यांतील ग्लुटेन आतड्यात गेले की शरीराची संरक्षणव्यवस्था बिथरते आणि स्वतःच्याच आतड्यावर चाल करून जाते. त्यासाठी जनुकांत एक विशिष्ट खूण असावी लागते. मात्र ती खूण असलेल्या बहुतेक लोकांना हा आजार कधीच होत नाही, आणि कोणाला तो तिसऱ्या वर्षी गाठतो तर कोणाला साठाव्या. औषध नाही. ग्लुटेन कायमचे सोडणे हाच उपचार, आणि तो केला तर लव पुन्हा उगवते.

हे पहिल्यांदा सिद्ध करणारे डॉक्टर नेदरलँड्सचे होते, विलेम डिके. मुलांच्या या आजाराचे मूळ पावात असावे, असा त्यांचा संशय महायुद्धाच्या आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागाची रसद तोडली, लोकांवर ट्यूलिपचे कंद उकडून खाण्याची पाळी आली, आणि त्या उपासमारीत या आजाराची मुले मात्र सुधारू लागली. पुढे पाव परत आला तेव्हा आजारही परतला. 1950 साली डिके यांनी आपला प्रबंध मांडला. त्यापूर्वी पंचवीसएक वर्षे अमेरिकेत सिडनी हास नावाच्या डॉक्टरांनी 1924 पासून अशा मुलांना केळ्यांवर ठेवून बरे केले होते, आणि श्रेय केळ्याला दिले होते. मुले बरी होत होती ती पाव बंद झाल्यामुळे, केळे बिचारे निमित्तमात्र होते. मला हास यांच्याबद्दल आपुलकी वाटते, कारण पुढे माझ्याही अडचणीच्या प्रसंगी केळेच धावून आले.

पोळी सोडणे मला फारसे जड गेले नाही, हे सांगितले की लोकांना खरे वाटत नाही. आजीच्या घरात पोळी सणावाराला होई; रोजचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, आणि ती मंगळवेढ्याकडच्या मालदांडीची असली तर आजोबा नुसत्या चटणीवर दोन जास्त खात. पुण्यात लग्न होऊन आल्यावर मला भाकरी थापायचा सराव राहिला नव्हता, इतकेच. हात परत बसायला महिना लागला. भाकरीचे पीठ आणि कणीक यांत फरक काय आहे, ते मला आजार झाल्यानंतर पहिल्यांदा नीट कळले. कणीक मळली की ग्लुटेनचे जाळे तयार होते, म्हणून पोळी लाटता येते आणि ताणली तरी फाटत नाही. ज्वारीत ते नाही. म्हणून आपल्या बायका पिठात आधणाचे पाणी घालतात, त्या उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकट होतो, आणि तोच चिकटपणा भाकरीला धरून ठेवतो. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि मग कितीही आधण घातले तरी भाकरी कडेने चिरत जाते. विरी हा शब्द माझ्या मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात नाही, पण एखाद्या अन्नप्रक्रियेच्या प्रयोगशाळेत तो असायला हरकत नव्हती.

भाकरी, भात, पोहे, वरी, राजगिरा, नाचणी, थालीपीठ, घावन, आंबोळी, उकडीचे मोदक, अनारसे, बेसनाचे लाडू अशी यादी केली तर वाटते की महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला या आजाराचे दुःख कसले. परदेशातल्या माझ्या मावसबहिणीने मला फोनवर हेच ऐकवले होते. तिच्या शहरात ग्लुटेनविरहित पावाची वेगळी दुकाने आहेत आणि तो पाव, तिच्या शब्दांत, भिजवलेल्या पुठ्ठ्यासारखा लागतो. पण माझी ही यादीच फसवी आहे. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत मूठभर गहू असतो. मेतकुटातही असतो. सातू म्हणजे जव, तो वर्ज्य. आणि आपण ज्याला सातूचे पीठ म्हणतो ते बहुधा गहू आणि डाळ्यांचे असते, म्हणजे तेही वर्ज्य. दुधात घालायच्या पावडरींवर ‘माल्ट’ लिहिलेले असते, तो जवाचा. ज्वारीची बिस्किटे म्हणून जी मिळतात त्यांच्या मागच्या यादीत मैदा निघतो. आणि ज्यांत खरोखरच काही नाही अशा पदार्थांचे दळण गिरणीत जाते.

आपल्या गिरणीत एक प्रश्न पूर्वापार विचारला जातो, “कशावर दळताय?” बाजरीवर गहू दळला तर पोळ्या काळपट होतात आणि मिरचीवर काही दळले तर विचारायलाच नको, म्हणून बायका पुढच्याचे दळण बघून आपला डबा ठेवतात. मी हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारू लागले. आमच्या गिरणीवाल्या काकांना मी आजार समजावून सांगितला आणि त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. “ताई, तुमच्या आधी दोन किलो ज्वारी फिरवतो, म्हणजे जाते धुऊन निघेल,” असे ते म्हणाले आणि त्यांनी ते केलेही, तेही माझ्याकडून त्या दोन किलोंचे पैसे न घेता. पण मी तिथे उभी असताना वर पाहिले. दिव्याच्या तारेवर, खिडकीच्या गजांवर, काकांच्या भुवयांवर, भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीवर पिठाचा मऊ पांढरा थर होता. तो थर वर्षानुवर्षांच्या गव्हाचा होता, आणि पट्टा सुरू झाला की त्यातला थोडा थोडा खाली झडत होता. काकांना दोष देण्यासारखे काहीच नव्हते. त्याच आठवड्यात आम्ही घरघंटी विकत घेतली.

एवढ्याशा धुळीने काय होते, हा प्रश्न मलाही पडला होता, म्हणून मी बँकेत आकडेमोड करणारी बाई या नात्याने हिशेब मांडून पाहिला. ग्लुटेनविरहित म्हणून विकायच्या पदार्थात एका किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन असलेले चालते. आपल्या देशातील अन्नसुरक्षेच्या नियमांतही हीच मर्यादा आहे. गव्हाचा एक दाणा सुमारे 40 मिलिग्रॅमचा असतो आणि त्यात ग्लुटेन साधारण दहावा हिस्सा, म्हणजे 4 मिलिग्रॅम. याचा अर्थ एक किलो ज्वारीत गव्हाचे पाच दाणे राहिले की मर्यादा गाठली. दुसऱ्या टोकाने पाहायचे तर, रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात जात राहिले तरी आतड्याला इजा होऊ शकते असे आढळलेले आहे. आणि 30 ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे 3 ग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे एका पोळीचे साठ तुकडे केले तर त्यातला एक. हा हिशेब मी कागदावर लिहून स्वयंपाकघरात फ्रिजला चिकटवला, आणि “एवढ्याने काय होतंय” म्हणणाऱ्यांना तोंडाने उत्तर देणे थांबवले.

तरीही दीड वर्ष झाले आणि माझी टीटीजी खाली येता येता मध्येच अडून बसली. हिमोग्लोबिन साडेअकराच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, “कुठून तरी जातंय, शोधा.” शोध सुरू झाला आणि घरातली प्रत्येक वस्तू संशयित ठरली. लाकडी पोलपाट-लाटणे आधीच वेगळे केले होते. पिठाची चाळणी एकच होती, ती बदलली. तव्याच्या कडेला पोळीचे जळके कण चिकटलेले असत, म्हणून माझा तवा निराळा केला. कपाटातला सोया सॉस गेला, कारण तो करताना सोयाबीनबरोबर बहुधा गहूही वापरतात. माझ्या रक्तदाबाच्या गोळीत कोणता स्टार्च आहे हे औषधाच्या दुकानातून विचारून घेतले. तो मक्याचा निघाला. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, आकडा जवळजवळ तिथेच होता.

सापडला तो एका रविवारी दुपारी, आणि अगदी योगायोगाने. सासूबाई कैरीच्या लोणच्याचा मसाला कालवत होत्या. मोहरीची डाळ, मेथ्या, हळद, तिखट, आणि मग त्यांनी हिंगाची नवी डबी उघडून जवळजवळ अर्धी परातीत रिकामी केली. मुलगी शेजारी बसून डबीवरचे इंग्रजी मोठ्याने वाचत होती, नुकतीच वाचायला शिकलेली मुले जसे समोर येईल ते वाचतात तसे. खाद्य डिंक, असे काहीतरी वाचून ती पुढे अडखळली आणि मी डबी तिच्या हातातून घेतली. पुढचा शब्द होता गव्हाचे पीठ. हिंग त्याच्याही नंतर होता. आणि यादीत ज्याचे प्रमाण जास्त ते आधी लिहायचे असते.

आपण ज्याला हिंग म्हणतो तो बहुधा बांधणी हिंग असतो. मूळ हिंग म्हणजे अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान अशा भागांतून येणारा झाडाचा चीक. तो इतका उग्र असतो की तसाच वापरणे कठीण जाते, म्हणून तो मैद्यात किंवा कणकेत आणि डिंकात कालवून सौम्य करतात. (आपल्या देशात हिंगाची लागवड 2020 साली लाहौलमध्ये सुरू झाली, तोवर आपला सगळा हिंग बाहेरूनच येत होता, ज्या झाडाचे तोंड आपण पाहिले नव्हते त्यावाचून आपली एकही फोडणी होत नव्हती.) आमच्या घरात वरणाला हिंग, आमटीला हिंग, ताकाला हिंग, भाजीच्या फोडणीत हिंग, पापडात हिंग आणि लोणच्यात तर मुठीने हिंग. मी गहू सोडला असे दोन वर्षे मानत होते आणि दिवसातून सहा-सात वेळा तो चिमटीचिमटीने खात होते.

सासूबाईंनी हात धुतले, चष्मा आणला, डबी घेतली आणि ती अक्षरे स्वतः वाचून पाहिली. माझे निदान झाल्या दिवसापासून माझे पीठ, माझा तवा, माझा डबा हे सगळे त्यांनी सांभाळले होते; पाहुण्यांच्या गर्दीतही माझे ताट आधी वाढून झाकून ठेवण्याचा त्यांचा शिरस्ता होता. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे इतके दिवस मीच घालत होते की गं.” मी म्हटले, “आई, तुम्हाला कसं कळणार? मला तरी कुठे कळलं?” ते खरेच होते, तरी त्या दिवशी त्यांनी जेवताना ताकात हिंग घातला नाही, आणि पुढे आठवडाभर घरातल्या कोणालाच हिंग मिळाला नाही. नंतर आम्हाला तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळाला. त्याला पहिल्यासारखा वास नाही, अशी सासूबाईंची तक्रार अजून आहे, आणि ती रास्त आहे. ते लोणचे त्यांनी नणंदेकडे पाठवून दिले.

हिंगाचा शोध लागल्यावर एका जुन्या कोड्याचा उलगडा झाला. मला एकादशीला, चतुर्थीला, नवरात्रात हमखास बरे वाटत असे, आणि घरातले लोक ते श्रद्धेच्या खाती जमा करत. उपवासाला आपण गहू खात नाही हे तर आहेच. पण उपवासाच्या फोडणीत आमच्याकडे जिरे असते, हिंग नसतो. उपवासाचे दळणही वेगळे दळतात, कारण तिथे धान्याचा कण लागला तर उपवास मोडतो, ही दक्षता आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. आषाढी एकादशी हा वर्षातला एकच दिवस असा असतो की सगळे घर माझे जेवण जेवते. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची पुरी यांनी ओटा भरलेला असतो, एकादशी दुप्पट खाशी हे तंतोतंत पाळले जाते, आणि मला वाढताना कोणालाही काही आठवून पाहावे लागत नाही. स्वच्छतेच्या ज्या काटेकोरपणाला माझ्या बाबतीत लोक “जरा अतीच” म्हणतात, तोच काटेकोरपणा उपवासाच्या बाबतीत त्याच लोकांच्या हाताला आपोआप येतो, हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. त्यामुळे नव्या घरी जेवायला जायची वेळ आली की मी आजाराचे नाव न घेता सांगते, “माझं उपवासाचं समजा, आणि त्यात भात चालतो.” हे लगेच समजते.

प्रसादाचे मात्र अवघड आहे. सत्यनारायणाचा प्रसाद म्हणजे रव्याचा शिरा, आणि ज्या कथेनंतर तो हातावर पडतो त्याच कथेत कलावती प्रसाद न घेता धावत निघते आणि तिच्या नवऱ्याचे गलबत बुडते. ही कथा तासभर ऐकून झाल्यावर “मला प्रसाद नको” असे म्हणणारी बाई किती धीट असली पाहिजे याची कल्पना करा. पहिल्यांदा मी तो घेतला आणि रुमालात गुंडाळला. तो पुढे टाकायचा कुठे हा प्रश्न आणखी मोठा झाला. दुसऱ्या वेळी शेजारच्या काकू दुखावल्या आणि महिनाभर जिन्यात माझ्याशी तुटक बोलल्या. आता मी पूजेच्या आधीच जाऊन सांगते की मला तीर्थ आणि पूजेतले केळे द्या, आणि देवालाही ते चालत असावे, कारण नवऱ्याचे अजून सगळे ठीक चालले आहे.

बाहेर खाण्याबद्दल फार लिहीत नाही. बटाटावडा बेसनाचा असतो, पण ज्या कढईत तो तळतात तिच्यातूनच आधी समोसे निघालेले असतात. ‘ग्लुटेन-फ्री’ हा शब्द आता हॉटेलांत माहीत झाला आहे, आणि 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून भाकरी महागड्या ताटांतही आली आहे. मात्र वजन कमी करण्यासाठी गहू सोडणारी मंडळी इतकी आहेत की वाढणाऱ्याला माझेही तसेच काही असावे असे वाटते आणि भाकरीशेजारी पोळीचा तुकडा आदराने ठेवला जातो. खपली गव्हाचा सल्ला तर मला सांगली-साताऱ्याकडच्या प्रत्येक ओळखीच्या माणसाने दिलेला आहे. तो जुना आहे, पचायला हलका आहे, आमच्या आजोबांना मानवत होता, हे सगळे असेल. पण तो गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, आणि या आजाराच्या माणसाला तो वर्ज्यच आहे. हे मी नम्रपणे सांगते आणि मग खपलीची खीर नम्रपणे परत करते. उत्तरेत, जिथे गहूच मुख्य अन्न आहे आणि शंभरात साधारण एकाला हा आजार आढळतो, तिथे निदान आजाराचे नाव लोकांनी ऐकलेले असते. दिल्लीच्या एका लग्नात वाढप्याने माझे ऐकून “हमारे घर में भी एक बच्ची है” असे म्हणत मला भात नव्या पळीने वाढला होता.

आईवडील, भावंडे आणि मुले यांच्यात हा आजार निघण्याचा संभव दहात एक असा धरतात, म्हणून मुलीची तपासणी केली. ती निर्दोष आली, मात्र पुढेही अधूनमधून करत राहायची आहे. ती पोळी खाते, आणि तिने ती खावी असाच माझा आग्रह आहे. गेल्या मे महिन्यात तिला आजोळी नेले होते. माळवद आता राहिले नाही, त्या जागी स्लॅब घातला आहे, पण गहू तसाच पसरलेला होता, आणि संध्याकाळी तिने मला तोंडातून काढून तो गोळा ताणून दाखवला. तो लांबच लांब गेला, तुटला नाही. तिला कोणी शिकवले ते विचारले तर म्हणाली, कोणी नाही.

माझी टीटीजी हिंग बदलल्यानंतर आठ महिन्यांनी पहिल्यांदा मर्यादेत आली. आता महिन्याची ज्वारी आली की सासूबाई ती ताटात थोडी थोडी घेऊन खिडकीच्या उजेडात निवडायला बसतात. ज्वारीचा दाणा गोल आणि मोत्यासारखा असतो, त्यात गव्हाचा लांबोडका दाणा खरे तर लगेच दिसतो. तरी त्या प्रत्येक ताट दोनदा निवडतात, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. निघालेले दाणे एका वाटीत जमा होतात आणि ती वाटी नंतर चिमण्यांसाठी कठड्यावर जाते. फ्रिजवरच्या माझ्या हिशेबाखाली त्यांनी पेन्सिलीने स्वतःचा एक रकाना आखला आहे. या महिन्याच्या दहा किलोंपुढे त्यात लिहिले आहे, सात.